नऊ कोर्स, साडेतीन तास आणि एक वाटी पिठी : टेस्टिंग मेनूचे तुमचे अनुभव काय?

शेवग्याची_शेंग
रविवार, रात्री १०:५०

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने बंगळूरला बसून आमचं मुंबईतल्या एका बड्या रेस्टॉरंटात बुकिंग करून टाकलं. टेस्टिंग मेनू. म्हणजे मेनूकार्ड हातात येत नाही. काय, किती आणि कोणत्या क्रमाने खायचं ते शेफ ठरवणार, आपण समोर येईल ते खायचं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार गुदरायची नाहीये. आठवडाभर डोक्यात घोळतंय ते कुणाशी तरी बोलायचंय.

नवरा माळकरी आहे. मूळचा कणकवलीकडचा, सहा वर्षांपूर्वी माळ घातली आणि मासे सुटले. मी सगळं खाते. लेकीने फॉर्मवर हे लिहिलं होतं, आदल्या दिवशी त्यांचा फोन येऊन खात्रीही झाली होती. त्यामुळे आम्ही निश्चिंत.

सुरुवात झकास झाली. नखाएवढ्या खुसखुशीत वाटीत रताळ्याचा गर आणि वर करवंदाच्या लोणच्याचा एक तुकडा. तोंडात टाकला आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आता मजा येणार!

मग मला केळीच्या पानातला रावस आला, नवऱ्याला अळंबी. मला खेकडा आला, त्याला अळंबी. मला कोंबडी, त्याला अळंबी, फक्त या वेळी बारीक चिरलेली. चौथ्यांदा अळंबी आल्यावर त्याने वाढणाऱ्या मुलाला अगदी गंभीरपणे विचारलं, "बाळा, आज मशरूमचा वार असतो का?" मुलगा साताऱ्याचा निघाला. आमच्याशी छान मराठीत बोलत होता, पण पदार्थ टेबलावर आला की पाठ केलेलं इंग्रजी सुरू. "वन बाइट, प्लीज." ते संपलं की परत सातारा.

पाचव्या आणि सहाव्या कोर्सच्या मधे पस्तीस मिनिटं गेली. घड्याळ बघून सांगतेय. पाणी पिऊन पिऊन पोट भरायची वेळ आली.

आणि मग सहावा कोर्स आला. काळ्या दगडी वाटीत कुळथाचं पातळसर काहीतरी, गाळून गाळून रेशमासारखं केलेलं, वर लसणीच्या तुपाचे चार थेंब. बाजूला उकड्या तांदळाची कुरकुरीत चकती. मुलगा म्हणाला, "हॉर्सग्रॅम". नवऱ्याने एक चमचा घेतला, चमचा खाली ठेवला आणि सरळ वाटी उचलून तोंडाला लावली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईची पिठी आहे ही. गुठळ्या तेवढ्या नाहीत." सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली.

त्याने विचारलं, अजून थोडी मिळेल का? उत्तर आलं, "सॉरी सर, पोर्शन्स फिक्स्ड असतात."

पुढचे तीन कोर्स त्याच्या लक्षातही नाहीत. माझ्या आहेत. आठवा होता 'वरणभात' : आंबेमोहोराचा फेस, खाली तुरीच्या डाळीची थलथलीत वडी, वर लिंबाच्या रसाचे मोती. चव खरंच वरणभाताची होती. पण मग वरणभातच का नाही दिला, हे मला अजून कळलेलं नाही.

बिल : माझा मेनू ५,८००, त्याचा ५,२००, त्याच्यासाठी दारूविरहित पेयांचा संच २,२००, बाटलीचं पाणी ३५०. वर १० टक्के सेवाशुल्क, त्यावर ५ टक्के जीएसटी. एकूण १५,६५०. आणि "येताना वडापाव खाल्ला" हा ठरलेला विनोद मी करणार नाही, कारण पोट तुडुंब भरलं होतं. रात्री दोन वाजता इनो घेतलं.

तर, तुमचे अनुभव सांगा. चांगले, वाईट, दोन्ही चालतील.

---

गोडा_मसाला
रविवार, रात्री ११:०५

पहिला!

शेंगताई, नऊ कोर्स, कोर्सला सरासरी तीन घास धरले तर सत्तावीस घास. ५,२०० भागिले २७ म्हणजे घासाला १९३ रुपये. त्यातले चार कोर्स अळंबीचे म्हणजे बारा घास. भाऊजींनी २,३११ रुपयांची अळंबी खाल्ली. आमच्या मंडईत एवढ्यात टेम्पो भरून येईल.

---

मनमौजी_माहीमकर
रविवार, रात्री ११:३२

हे बड्या शहरातलं बडं रेस्टॉरंट म्हणजे ते महालक्ष्मीचं का? की बीकेसीतलं? की कुलाब्यातलं?

---

शेवग्याची_शेंग
रविवार, रात्री ११:४०

नाव ओळखायचा खेळ नको. आणि तिन्ही चुकीची आहेत. व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पण सांगणार नाही :)

---

मनमौजी_माहीमकर
सोमवार, सकाळी ८:१५

बरं बाई. माझा अनुभव देतो, चांगला आहे.

२०१८ साली बँकॉकला गगनमध्ये गेलो होतो. तेव्हा ते आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिल्या नंबरावर होतं, २०१५ पासून सलग चार वर्षं. मेनू म्हणून एक कागद दिला, त्यावर नुसत्या इमोजी. पंचवीस चित्रं, पंचवीस पदार्थ. काय आहे ते खाऊन झाल्यावर कळायचं. बहुतेक सगळं हाताने खायचं, आणि एक पदार्थ तर ताटलीला लावून आणलेला, जिभेने चाटायचा. माझी बायको डोंबिवलीची, तिने आधी आजूबाजूला बघितलं, मग ताटली तोंडासमोर आडवी धरून चाटली. आख्ख्या हॉलमध्ये सगळे तेच करत होते. एवढी हसलेली मी तिला लग्नातही बघितली नव्हती.

माझं म्हणणं, अशा ठिकाणी जेवायला जाऊच नये. नाटकाला जातो तसं जावं. नाटक पडेलही निघू शकतं. ते ठिकाण २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं, मग त्याच शेफने बँकॉकमध्येच दुसरं काढलं आणि २०२५ मध्ये तेही पहिल्या नंबरावर आलं. पण परत जायची हिंमत होत नाही. पहिल्यासारखं नसलं तर?

---

स्पष्टवक्ता_७
सोमवार, सकाळी ९:०२

पैसेवाल्यांचे चोचले. पंधरा हजारांत एका घराचा महिन्याचा किराणा येतो. आणि नवरा माळकरी आहे तर अशा ठिकाणी न्यायचंच कशाला?

---

शेवग्याची_शेंग
सोमवार, सकाळी ९:२०

किराण्याचं खरं आहे, आम्हीही तो हिशेब केला होता. पण लेकीच्या पहिल्या बोनसमधलं होतं, परत कसं करणार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : माळ घातली म्हणजे लग्नाचा वाढदिवस रद्द होत नाही.

---

गोडा_मसाला
सोमवार, सकाळी ९:२४

+१ शेंगताई. टाळ्या.

---

कढई_आणि_उलथणं
सोमवार, दुपारी ३:४५

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दुपारची सर्व्हिस संपली, मिसळीचा कट संपला, आता वेळ आहे.

मी चार वर्षं अशाच एका टेस्टिंग मेनूच्या किचनमध्ये होतो, आधी कॉमी म्हणजे शिकाऊ स्वयंपाकी, मग गरम सेक्शनला. आता नाशकात स्वतःचं छोटं हॉटेल आहे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून थोडं सांगतो. ताईंच्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. फक्त त्यातल्या काही रेस्टॉरंटच्या हातातल्या आहेत आणि काही नाहीत.

पस्तीस मिनिटं का लागली? आमच्याकडे ३२ कव्हर होते, म्हणजे बत्तीस माणसांची जागा. किचनमध्ये आम्ही चौदा. एका टेबलाच्या सगळ्या प्लेट 'पास'वर, म्हणजे किचन आणि हॉलच्या मधल्या ओट्यावर, एकाच वेळी लागल्या पाहिजेत हा नियम. दोघांचं टेबल सोपं. पण आठ जणांचा ग्रुप पाऊण तास उशिरा आला, आणि तुमचा सहावा कोर्स नि त्यांचा दुसरा एकाच सेक्शनचा निघाला, की संपलं. आठ प्लेट, प्रत्येकीवर चिमट्याने लावायच्या पाच-सहा गोष्टी. तेवढ्या वेळात दोघांचं टेबल मागे ढकललं जातं, कारण आठ जण ओरडतात, दोन जण घड्याळ बघतात. हे चूकच आहे. चांगला कॅप्टन अशा वेळी टेबलापाशी येऊन सांगतो, मधे खायला काहीतरी ठेवतो. तुमच्याकडे कोणी आलं नाही, ही हॉलची चूक.

आगाऊ पैसे घेण्यावरून लोक फार चिडतात म्हणून सांगतो. साध्या हॉटेलात तुम्ही आला नाहीत तर कांदा उद्या वापरता येतो. इथे तुमच्या नावाने दोन खेकडे सकाळीच सोललेले असतात. तयारी, आम्ही तिला 'मीज' म्हणतो, सकाळी अकराला सुरू व्हायची आणि पहिला पाहुणा साडेसातला. बत्तीसातले सहा आले नाहीत की त्या दिवसाचा नफा गेला.

आता अळंबी. हे मला सगळ्यात जास्त लागलं. बरीच किचन मेनू मांसमच्छीचा लिहितात आणि मग शाकाहारी पाहुण्यासाठी प्रत्येक प्लेटमधला तुकडा बदलतात. सॉस तोच, पान तेच, वरची कुरकुरीत गोष्ट तीच. तुकडा मात्र असा लागतो जो भाजला की रंग धरेल आणि दाताला लागेल. मग हात आपोआप अळंबीकडे जातो. आमच्या शेफला मी एकदा म्हटलं, फणस घेऊ, सुरण घेऊ, केळफूल घेऊ. म्हणाला, केळफूल सोलायला माणूस कोण देणार? खरं कारण हेच. केळफुलाच्या एकेका फुलातला कडक दांडा काढायला दोन तास जातात, हात काळे होतात, आणि अळंबी पुसली की तयार. शाकाहारी मेनू वेगळा बसून लिहावा लागतो. मुंबईत धंदा करून तो न लिहिणं म्हणजे निव्वळ आळस.

आणि 'पोर्शन्स फिक्स्ड'. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. रस्सा, कढण, सार असलं काही असेल तर ते पातेल्यात होतं, मोजून दोन वाट्या कोणी करत नाही. प्लेट पडते, मीठ चुकतं, म्हणून चार-पाच पोर्शन जास्तच असतात. त्या मुलाने पासवर येऊन विचारलं असतं तर आमचा शेफ, खडूस असूनही, स्वतः वाटी घेऊन बाहेर आला असता. कुणी आपला पदार्थ परत मागतंय याच्यासारखं सुख किचनमध्ये दुसरं नाही. पण पोराला ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं असतं की हे बोलायचं, हे बोलायचं नाही. त्याचं स्टाफ मील पाच वाजता झालेलं असतं, साडेदहा वाजेपर्यंत तोही भुकेलाच असतो. त्याच्यावर राग धरू नका.

---

शेवग्याची_शेंग
सोमवार, संध्याकाळी ६:१०

कढईदादा, हे वाचून नवऱ्याला दाखवलं. "म्हणजे पातेल्यात होती?" एवढंच म्हणाला आणि बाल्कनीत गेला.

त्या मुलावर राग मुळीच नाही. जाताना त्याने हळूच येऊन विचारलं होतं, "काका, जेवण आवडलं ना? माझी आजी पण करते कुळथाचं."

---

कलम_कसाई
सोमवार, रात्री ८:३०

बिलाबद्दल बोलतो. सेवाशुल्क तुम्ही नाकारू शकला असतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या : सेवाशुल्क आपोआप बिलात लावायचं नाही, दुसऱ्या नावाने लावायचं नाही, ते द्यायचं की नाही हे ग्राहक ठरवणार. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना योग्य ठरवल्या. संघटना त्यावर अपिलात गेल्या आहेत. तोवर तुम्ही काउंटरवर शांतपणे "हे काढा" म्हणू शकता. काढलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

तुमच्या बिलात शुल्क १,३५५ आणि त्या शुल्कावरचा जीएसटी ६८, म्हणजे १,४२३ रुपये वाचले असते.

अजून एक. तुम्हाला ५ टक्के लागला म्हणजे रेस्टॉरंट महागड्या हॉटेलातलं नाही. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर असलेल्या हॉटेलात असतं तर १८ टक्के लागला असता. पंचतारांकित ठिकाणी जाणाऱ्यांनी बुकिंगचा आकडा बघताना हे डोक्यात ठेवा.

---

गोडा_मसाला
सोमवार, रात्री ८:४१

म्हणजे नाव ओळखायचा खेळ कलमरावांनी जिंकत आणला. हॉटेलातलं नाही, महालक्ष्मीचं नाही…

---

शेवग्याची_शेंग
सोमवार, रात्री ८:५०

गोमू, गप.

कलमराव, खरं सांगू? लेकीने लग्नाच्या वाढदिवसाला पाठवलंय आणि मी काउंटरवर १,३५५ रुपयांसाठी हुज्जत घालतेय हे चित्रच डोळ्यांसमोर आलं नाही. तिथली खुर्चीच अशी मऊ असते की माणूस भांडत नाही.

---

कढई_आणि_उलथणं
सोमवार, रात्री ११:५५

त्या सेवाशुल्कातले पैसे काही ठिकाणी भांडी घासणाऱ्यापर्यंत वाटले जातात आणि काही ठिकाणी मालकाच्या खिशात जातात. आमच्याकडे वाटायचे. त्यामुळे काढून घ्यायचं तर घ्या, पण मग त्या साताऱ्याच्या पोराच्या हातात काहीतरी ठेवून या.

---

साखरसम्राट
मंगळवार, सकाळी ७:१०

एक मुद्दा कुणीच काढला नाही. मला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. हे इन्सुलिन घेतल्यावर लगेच पोटात पिष्टमय काहीतरी जावं लागतं. टेस्टिंग मेनूत पहिल्या तासात काय येतं? एक टार्ट, एक पान, एक चमचा फेस. भात किंवा पाव येतो दीड तासाने. गेल्या वर्षी जावयाबरोबर गेलो होतो, सवयीने बसल्याबसल्या सुई घेतली आणि पाऊण तासात घाम फुटला, हात थरथरायला लागले. जावयाने धावत जाऊन बारमधून साखर आणली. ती कॉकटेलची, तपकिरी. तीच कोरडी खाल्ली.

बुकिंगच्या फॉर्मवर ॲलर्जी विचारतात, शेंगदाणे, कोळंबी वगैरे. "तुम्हाला वेळेवर खावं लागतं का?" हे कुणी विचारत नाही. आता मी आधी फोन करून पाव पहिल्यांदा द्या म्हणून सांगतो, आणि सुईचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवून जातो. खिशात ग्लुकोजची पुडी असतेच. ज्यांच्या घरी अशी माणसं आहेत त्यांनी लक्षात ठेवा.

---

मनमौजी_माहीमकर
मंगळवार, सकाळी ८:००

साखरकाका, नाव सार्थ केलंत. पण हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. उपयुक्त प्रतिसाद.

---

जुनं_बाड
मंगळवार, दुपारी १२:२०

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

आमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणालं की आपली पंगत म्हणजेच टेस्टिंग मेनू. तिथेही काय असेल ते खायचं, निवड नाही. ऐकायला बरं वाटतं, पण मला पटत नाही. पंगतीत क्रम असतो वाढण्याचा. खाण्याचा क्रम खाणाऱ्याचा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मधे भाताची मूद, सगळं पानात येतं आणि मग आपण सुरू करतो. एका घासात भात-वरण-लिंबू, दुसऱ्यात त्याच भाताला बटाट्याची भाजी, तिसऱ्यात बोटाच्या टोकावर पंचामृत. घास खाणारा बांधतो. टेस्टिंग मेनूत घास शेफ बांधतो, म्हणून तो 'वन बाइट प्लीज' म्हणतो. शेंगताईंचा वरणभात तिथेच फसला. वरणभाताची चव त्या मोत्यांमध्ये बरोबर भरली असेल, पण किती लिंबू पिळायचं हे आपल्या बोटांनी ठरवायचं असतं, ते काढून घेतलं.

गंमत म्हणजे फ्रेंचही आपल्यासारखेच होते. त्यांच्याकडे मेजवानीला सगळ्या थाळ्या एकदम टेबलावर मांडायचे. एकामागून एक पदार्थ वाढायची पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये आली आणि तिला ते 'रशियन पद्धत' म्हणत. आज आपण तिलाच फ्रेंच समजतो. नंतर १९७० च्या दशकात तिकडच्या नव्या शेफांनी जड सॉस सोडले, प्लेटा लहान केल्या, आणि चाखण्यापुरते बरेच पदार्थ देणारा मेनू रुळला. जपानच्या काइसेकी या पारंपरिक मेजवानीची छाप त्यावर उघड दिसते : ऋतू, भांडं, क्रम, सगळं ठरलेलं. पुढे स्पेनमधल्या एल बुयी या रेस्टॉरंटने त्याचं टोक गाठलं. वर्षातले साधारण सहा महिनेच उघडं असायचं. २०११ च्या जुलैत बंद झालं, पण फेस, मोती आणि जेल जगभर सोडून गेलं. तुमच्या आंबेमोहोराच्या फेसाचं मूळ गाव ते.

आपल्याकडे मुंबईत २०१६ साली मास्क या रेस्टॉरंटने महालक्ष्मीच्या गिरणीच्या आवारात हा प्रकार लावून धरला. दिल्लीत इंडियन ॲक्सेंट त्याच्याही आधीपासून, २००९ पासून आहे.

---

स्पष्टवक्ता_७
मंगळवार, दुपारी १२:४५

पंगतीतही आग्रह करकरून जिलबी कोंबतात, तिथे कुठली आली निवड?

---

जुनं_बाड
मंगळवार, दुपारी १:०५

कोंबतात, मान्य. पण पानावर आडवा हात धरता येतो. आणि पिठी परत मागितली तर वाढपी बादली घेऊन धावत येतो.

---

वाळवंटातला_वडा
मंगळवार, रात्री ९:१५

दुबईहून. इथे ट्रेसिंड स्टुडिओला २०२५ मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटला तीन तारे मिळायची जगातली पहिलीच वेळ. शेफ हिमांशू सैनी. तेव्हापासून इथे प्रत्येक मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी "आम्ही जाऊन आलो" असं सांगतंच. मी गेलेलो नाही, त्यामुळे मिरवत नाही.

पण शाकाहारींसाठी एक चांगली बातमी. मागच्या सुट्टीत चेन्नईला आयटीसी ग्रँड चोला हॉटेलमधल्या अवर्तना रेस्टॉरंटात आईबाबांना घेऊन गेलो होतो. तिथे सात कोर्सपासून तेरापर्यंत मेनू आहेत आणि शाकाहारी मेनूत मांसाहाराची नक्कल अजिबात वाटली नाही. टोमॅटोचं रस्सम काचेच्या उंच पेल्यात ओततात, पाण्यासारखं नितळ, आणि एक घोट घेतला की नाकातून मिऱ्याचा झटका. आई सोलापूरची, तिला तिखटाचं कौतुक नाही. ती म्हणाली, "दिसतंय पाणी आणि लागतंय सार. हे बाई अवघड काम आहे."

कारण मला वाटतं ते कढईदादा म्हणाले तेच. दक्षिणेकडच्या जेवणात भाजीपाल्याचं स्वतःचं राज्य आहे, शेफला तुकडा बदलायची गरजच पडत नाही. मग आपल्याकडे काय कमी आहे? भरली वांगी, अळूचं फतफतं, मेथकूट, डाळिंब्यांची उसळ, कच्च्या फणसाची भाजी. नऊ कोर्स सहज निघतील.

---

गोडा_मसाला
मंगळवार, रात्री ९:२२

'अळूचं फतफतं' इंग्रजीत पाठ करून सांगणारा वेटर मला बघायचाय. "सर, धिस इज अ फतफतं."

---

कढई_आणि_उलथणं
बुधवार, दुपारी ४:०५

हसलो. पण डाळिंब्या सोलायला माणूस कोण देणार, हा प्रश्न तिथेही येणारच :) शंभर ग्रॅम सोललेल्या वालांसाठी आमची मावशी किती वेळ बसते ते बघा कधीतरी. घरच्या बायकांचे ते तास कोणत्याच बिलात लागत नाहीत, म्हणून आपल्याला डाळिंब्यांची उसळ स्वस्त वाटते. रेस्टॉरंटने लावले की घासाला १९३ होतात.

---

कुडाळकरीण
बुधवार, रात्री १०:३०

उशिरा धागा वाचला. गो बाय, कुळथाच्या पिठीचे एवढे पैसे? आमच्याकडे घरात भाजी नसली, मासे मिळाले नाहीत, पाऊस लागून राहिला की पिठी करतात. पाहुणा आला तर लाजतात वाढायला. माझी आई तर म्हणायची, "आज काय नाय, नुसती पिठी आसा."

आणि गाळून रेशमासारखी? मग ती पिठी कसली. जिभेला किंचित रवाळ लागली पाहिजे.

पण शेंगताई, तुमच्या नवऱ्याने वाटी तोंडाला लावली ते वाचून मी पण जरा वेळ तशीच बसले. त्या शेफची आई किंवा आजी आमच्याकडचीच असणार. लसणीचं तूप वरून ते त्यांचं, पण बाकीचं कुणीतरी शिकवलेलं आहे.

---

शेवग्याची_शेंग
बुधवार, रात्री १०:५५

कुडाळताई, मला पिठी येत नाही! मी विदर्भातली, आमच्याकडे बेसनाचं पिठलं. सासूबाई होत्या तोवर त्या करायच्या, नंतर त्याने कधी मागितली नाही आणि मी कधी विचारलं नाही. रविवारी करून बघेन म्हणते. कुळथाचं पीठ ठाण्यात कोकणी मालाच्या दुकानात मिळतं, बघितलंय. पुढे काय?

---

कुडाळकरीण
बुधवार, रात्री ११:२०

विकतचं घ्यायचं तर वास घेऊन घ्या. कुळीथ खमंग भाजून, भरडून, सालं पाखडून मग दळलेले असले पाहिजेत. कच्चं दळलेलं असलं तर उग्र लागतं. पीठ तपकिरी हवं, पिवळं नको.

दोन माणसांना तीन मोठे चमचे पीठ. आधी वाटीभर गार पाण्यात हाताने कालवून ठेवा, गुठळी दिसली की बोटांनी मोडायची. कढईत तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, चार-पाच ठेचलेल्या लसणी, दोन हिरव्या मिरच्या. लसूण लाल होऊ द्या, घाबरू नका. मग बारीक चिरलेला कांदा, हळद. तीन वाट्या पाणी, मीठ, उकळी आली की कालवलेलं पीठ ओतत ओतत ढवळायचं. हात थांबला की तळाला बसलंच. सात-आठ मिनिटं मंद आंचेवर. सोलं (कोकमं) तीन, अगदी शेवटी. वर ओलं खोबरं. भात उकड्या तांदळाचा.

लसूण-कांदा चालतो ना त्यांना?

---

शेवग्याची_शेंग
बुधवार, रात्री ११:३१

चालतो, एकादशी सोडून. रविवारी एकादशी नाही, कालनिर्णय बघितलं.

---

गोडा_मसाला
रविवार, दुपारी ३:१०

शेंगताई? झाली का?

---

शेवग्याची_शेंग
रविवार, दुपारी ३:४०

झाली. गुठळ्या राहिल्या. तीनदा वाढून घेतली.